सिज्विक, हेन्री
(३१ मे १८३८–२८ ऑगस्ट १९००). इंग्रज तत्त्वज्ञ व नीतिशास्त्रज्ञ. जन्म यॉर्कशरमधील स्किप्टन येथे. शिक्षण रग्बी येथील शाळेत व केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८५९ मध्ये तो ट्रिनिटीचा फेलो झाला व तेथे अभिजात भाषा-साहित्याचे अध्यापन करू लागला. अँग्लिकन चर्चच्या ३९ धर्मसूत्रांना मान्यता देणे फेलोंवर तेव्हा बंधनकारक होते. त्या सूत्रांवरील श्रद्धा उरली नसताना केवळ पदासाठी ती मानल्याचे दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल, असे वाटून त्याने १८६९ मध्ये फेलोपद सोडले. महाविद्यालयाने मात्र त्याला नीतिविषयक शास्त्रांचा अध्यापक म्हणून ठेवून घेतले. धार्मिक अट १८७१ च्या कायद्याने रद्द झाली आणि १८८५ मध्ये त्याची फेलो म्हणून पुन्हा निवड झाली. १८८३ पासून तो नैतिक तत्त्वज्ञानाचा नाइटब्रिज प्राध्यापक होता. स्त्रियांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून केंब्रिजमध्ये न्यूनम कॉलेज स्थापण्यातही त्याचा पुढाकार होता.

द मेथड्स ऑफ एथिक्स (१८७४) हा त्याचा प्रमुख ग्रंथ. काय करणे योग्य, हे ठरविण्याच्या तीन पद्धतींची तो यात चिकित्सा करतो : स्वतःचे अधिकाधिक सुख पाहणारा आत्महितवादी सुखवाद, सत्यवचन, वचनपालन यांसारखे नियम स्वयंसिद्ध मानणारा अंतःप्रज्ञावाद, आणि सर्वांचे अधिकाधिक सुख साधू पाहणारा उपयुक्ततावाद. लोकमान्य नीतिनियम तपासता ते संदिग्ध व परस्परविरोधी ठरतात. त्यांतील विरोध मिटविण्यासाठी उपयुक्ततेच्या तत्त्वाकडेच वळावे लागते, असे तो दाखवितो. मात्र हे तत्त्वही अखेर अंतःप्रज्ञेवर आधारलेले आहे. विश्वाच्या दृष्टीने पाहता कोणा एकाचे हित दुसऱ्याच्या हिताहून अधिक मोलाचे नसते, ही ती अंतःप्रज्ञा होय. अशा रीतीने अंतःप्रज्ञावाद व उपयुक्ततावाद यांचा त्याने मेळ घातला.

आत्महितवादाशी मात्र असा मेळ बसत नाही. स्वहित साधणे विवेकाला धरून आहे व सर्वहित साधणेही. परंतु सर्वांसाठी स्वतःच्या सुखाचा त्याग करावा लागतो, तेव्हा कोणते श्रेष्ठ हे विवेक सांगू शकत नाही. याला ‘व्यावहारिक विवेकाचे द्वैत’ म्हणतात. सदाचाराला फळ देणारी ईश्वरी व्यवस्था गृहीत धरल्यास हे द्वैत मिटेल. पण सोयीसाठी अशी श्रद्धा स्वीकारणे सिज्विकला मान्य नव्हते. त्यामुळे प्रश्न त्याने अनिर्णीतच ठेवला.

त्याचा शिष्य जी. ई. मूर याने प्रिन्सिपिया एथिका (१९०३) या ग्रंथात त्याचा सुखवाद नाकारला. परंतु ‘चांगले’ ही कल्पना अव्याख्येय असल्याची जाणीव सिज्विकला होती, हेही नमूद केले. पुढे जॉन रॉल्स, डेरेक पार्फिट इ. विचारवंतांमुळे त्याच्या ग्रंथाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. आउटलाइन्स ऑफ द हिस्टरी ऑफ एथिक्स (१८८६) व द एलिमेंट्स ऑफ पॉलिटिक्स (१८९१) हे त्याचे अन्य उल्लेखनीय ग्रंथ.