गिअरबॉक्स उघडण्याआधी

मालेगावात जुन्या लोखंडाला कुणी सहजासहजी म्हातारं ठरवत नाही. मोसम नदीच्या दोन्ही अंगांना धडधडणाऱ्या साध्या मागांमध्ये वरचा क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो, तेव्हा खालचा बॉटम शाफ्ट एक फेरा घेतो. हे गणित दातेरी चाकांची एक जोडी सांभाळते. इंचभर कापडात आडवे धागे किती बसायचे, ते चेंज व्हीलवर ठरतं. एखादा दाता झिजला की आवाज बदलतो आणि माग बंद पडण्याआधीच मिस्त्रीला त्याची कुणकुण लागते. पन्नास-साठ वर्षांच्या स्पोर्ट्‌स कारचा गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्याला याच जातीचा कान लागतो.

मालेगाव हे अशा गाड्यांचं गाव नव्हे. त्यांचे मेळावे मुंबई-पुण्याकडे भरतात आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’च्या रॅलीत एमजी, जग्वार, ट्रायम्फ यांना बघ्यांची गर्दी होते. पण मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या गावात ट्रक, जीप आणि माग अशी तिन्ही प्रकारची यंत्रं दुरुस्त होतात, आणि त्या दुरुस्तीचं तर्कशास्त्र स्पोर्ट्‌स कारलाही तसंच्या तसं लागू पडतं. त्यातला पहिला नियम असा की गिअरबॉक्सच्या नावाने येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असतं.

खरखर म्हणजे बिघाड असेलच असं नाही

कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला. त्याआधी गिअर बदलणं हे कसबाचं काम होतं. सिंक्रोमेशमध्ये पितळेची किंवा ब्राँझची एक शंकूच्या आकाराची कडी गिअरला घासते, दोन्ही भागांचा वेग एक करते आणि मगच दाते गुंतू देते. मात्र ही सोय सगळ्या गिअरांना एकदम मिळाली नाही. १९४५ ते १९४९ या काळातल्या एमजी टीसीला दुसरा, तिसरा आणि चौथा एवढ्याच गिअरांना सिंक्रो होता. एमजीबीच्या पहिल्या गिअरला तो मिळायला १९६७ ची अखेर उजाडली. जग्वार ई-टाइपच्या पहिल्या, ३.८ लिटरच्या गाडीतही पहिला गिअर सिंक्रोविनाच होता. १९६४ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा नवा गिअरबॉक्सही आला.

म्हणून टीसी चालती असताना पहिला गिअर खरखरला, तर आधी चालवणाऱ्याची सवय तपासायची. एसटीच्या आणि ट्रकच्या जुन्या चालकांना इथे काही शिकवावं लागत नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका झटका, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर, हा ‘डबल क्लच’ त्यांच्या पायात मुरलेला असतो.

सगळेच गिअर खरखरत असतील तर संशय क्लचवर घ्यावा. तपासणी सोपी आहे. गाडी उभी, इंजिन मंद गतीवर. क्लच पूर्ण दाबायचा, चार-पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. त्यामुळे तो शांतपणे पडला तर क्लच नीट सुटतो आहे. ओरडला तर क्लच दाबूनही प्लेट फिरत राहते. मग मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, पाइपातली हवा, पेडलच्या झिजलेल्या पिना हे सगळं आधी बघायचं. याउलट एकच गिअर खरखरतो आणि बाकीचे लोण्यासारखे पडतात, तेव्हा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असं समजायला हरकत नाही.

बाहेरून सुरुवात करायचा धडा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने गावोगावच्या मेकॅनिकांना दिला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या गाडीचा गिअरदांडा स्टिअरिंगच्या नळीवर होता. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या, सांधे आणि बुश यांची साखळी. प्रत्येक बुश थोडा थोडा झिजला की दांडा हलायचा, पण गिअर पडायचा नाही. बुश बदलले, सळीची लांबी लावून घेतली की गिअरबॉक्सला हात न लावता गाडी रस्त्यावर. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे हटल्या, पण सळ्यांपासून सुरुवात करायची ही सवय जुन्या मेकॅनिकांच्या हातात राहिली.

कानाने काढलेला नकाशा

बाहेरची कारणं संपली की आवाज ऐकायचा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि क्लच सुटलेला असताना इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी जोडलेला लेशाफ्ट फिरतात. मेन शाफ्ट स्थिर असतो. या स्थितीत घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा लेशाफ्टचे रोलर गेले. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग बघायचं. एमजीसारख्या गाड्यांत हे बेअरिंग गोळ्यांचं नसून कार्बनच्या कड्याचं असतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असलेला चालक ते लवकर संपवतो.

पुढची परीक्षा रस्त्यावर. चार गिअरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो. इनपुट शाफ्ट सरळ मेन शाफ्टला जोडला जातो. लेशाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर भार नसतो. त्यामुळे पहिल्या तीन गिअरांत ओरडणारी गाडी चौथ्यात शांत झाली, तर दोष लेशाफ्टच्या बाजूला. एकाच गिअरमध्ये रडते तर त्या गिअरचे दाते.

गिअर आपोआप सुटणं हा वेगळा आजार. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा टपकन न्यूट्रलला येतो. इथे स्वस्त कारणापासून सुरुवात करायची: दांडा जागेवर धरणारी गोळी आणि तिची स्प्रिंग. पुढे शिफ्टर फोर्कची झीज, मग गुंतणाऱ्या दात्यांच्या गोल झालेल्या कडा, शेवटी शाफ्टची लांबीतली ढिलाई. इंजिनचं रबर माउंटिंग बसलं असेल तरी गिअर सुटतो, कारण अख्खं इंजिन मागेपुढे हलतं.

ट्रायम्फ आणि एमजीबीच्या काही गाड्यांना लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनचे फेरे कमी ठेवणारी जादा गती, असतो. तो चालेना की मालक धास्तावतो. पण आत हायड्रॉलिक बिघाड शोधण्याआधी स्विच, वायर आणि सोलेनॉइड तपासलेले बरे. दांड्यापाशी सतत वाकणारी वायर अनेकदा तुटलेली सापडते.

तेलाची साक्ष

गिअरबॉक्सचं तेल गरम असताना पांढऱ्या ताटलीत काढावं. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंग किंवा बुश झिजतो आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणं नेहमीचं. पण टोकदार तुकडे असतील तर दाता किंवा बेअरिंग फुटलं आहे. दुधाळ तेल म्हणजे पाणी.

तेल निवडताना घात होतो. दुकानदार ‘सगळ्यात भारी’ म्हणून जीएल-५ दर्जाचं तेल देतो. ते हायपॉइड डिफरन्शियलसाठी उत्तम. पण त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं तापलेल्या पितळेला खाऊ शकतात, आणि त्याचा निसरडेपणा सिंक्रोला पकड मिळू देत नाही. पितळी रिंगांना जीएल-४ मानवतं. एमजीबीच्या गिअरबॉक्सला तर कंपनीने इंजिन ऑइलच नेमून दिलं आहे; २०डब्ल्यू-५० सारखं तेल मालेगावच्या ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यातही त्याला पुरतं.

थोडी गळती मात्र सोसावी लागते. यातल्या अनेक गिअरबॉक्सांना पुढच्या बाजूला रबरी सील नसतं; शाफ्टवरची उलट्या आट्यांची मळसूत्री खाच फिरता फिरता तेल आत ढकलते. उभ्या गाडीखाली दोन थेंब पडले म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ नाही.

उघडलाच तर

टीसीचा गिअरबॉक्स खोलणाऱ्याची पहिली गाठ बोल्टांशी पडते. एमजी ज्याच्या मालकीची होती त्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती आणि इंग्रज कामगारांचे पाने व्हिटवर्थ मापाचे. त्यातून मेट्रिक आटे आणि व्हिटवर्थ डोकं असे बोल्ट निघाले, ते थेट टीसीच्या इंजिन-गिअरबॉक्सपर्यंत टिकले. बाजारातला साधा बोल्ट जोर लावून आवळला तर हाऊसिंगचे आटे जातात.

लेशाफ्ट बाहेर काढताना त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची नकली सळी सरकवायची, नाहीतर सुईसारखे रोलर आत विखुरतात. बसवताना ते ग्रीसने चिकटवून मोजून लावायचे. लेशाफ्टच्या पृष्ठभागावर खड्डे दिसले की तो बदलायचाच. जोडणीत प्रत्येक गिअरची ढिलाई फीलर गेजने मोजून वॉशर बदलत जायचं. बेअरिंगचं बरं असतं. कडेवरचा क्रमांक वाचता आला तर इंची मापाचं बेअरिंगही बऱ्याचदा मिळून जातं.

गिअर मिळणं अवघड. इथे भारतातली जुनी नाती कामी येतात. ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ ची स्पोर्ट्‌स कार हेराल्डची चासी आखूड करून बनली होती आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌समध्ये तयार होत होती. त्यामुळे भंगारात पडलेली देशी हेराल्ड स्पिटफायरच्या मालकाला उपयोगी पडू शकते. काहीच सापडलं नाही, तर गिअर कापून घ्यावा लागतो. कारागिराला नुसता जुना गिअर देऊन भागत नाही. इंग्लिश गिअर मॉड्यूल या मेट्रिक मापावर नव्हे तर डायमेट्रल पिच या इंची मापावर कापलेला असतो. दात्यांचा तिरपा कोनही मोजून द्यावा लागतो. केस हार्डनिंग करायचं राहून गेलं, तर नवा गिअर लवकर झिजतो आणि त्याच्या जोडीचा जुनाही घेऊन जातो.

उभं राहण्याचा आजार

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची.

त्यामुळे या गिअरबॉक्सांच्या आजारांचं स्वरूपही बदललं. पूर्वी ते धावून झिजत, आता उभे राहून बिघडतात. तेलाच्या पातळीच्या वरचे दाते आणि बेअरिंग दमट हवेत गंजतात, सील कोरडी पडतात. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी सुरू करावी तर एकही गिअर पडत नाही आणि मालक गिअरबॉक्स उतरवायची तयारी करतो. अनेकदा आतलं काही बिघडलेलं नसतं. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. अशा वेळी मोकळ्या पटांगणात, पुढे कुणी नाही हे बघून, इंजिन आधी गरम करतात. मग ते बंद करून गाडी वरच्या गिअरला टाकतात, क्लच दाबून धरून स्टार्टर मारतात आणि हलक्या झटक्यांनी प्लेट सोडवतात. ती सुटली नाही, तरच गिअरबॉक्स उतरवायचे पाने बाहेर काढायचे.