गिटमधील स्थानिक साठवणीची बचत

गिट ही संगणकीय आवृत्ती-नियंत्रण प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या विकासकार्यासाठी निर्माण केली. प्रकल्पातील फायलींमध्ये कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची नोंद ती ठेवते. ही प्रणाली विकेंद्रित असल्यामुळे प्रकल्पाची प्रत घेणाऱ्याच्या संगणकावर चालू फायलींबरोबर संपूर्ण इतिहासही उतरतो. प्रकल्प मोठा असल्यास ही प्रत बरीच जागा व्यापते. ती जागा कमी करण्याच्या पद्धतींचा परिचय या लेखात दिला आहे.

जागा कशी व्यापली जाते

स्थानिक प्रतीचे दोन भाग असतात. प्रत्यक्ष कामासाठी मांडलेल्या फायलींना कार्यप्रत म्हणतात. दुसरा भाग म्हणजे पूर्वीच्या आवृत्त्यांचे भांडार. ते सहसा एका लपविलेल्या फोल्डरमध्ये असते. मजकुराच्या फायलींतील साम्य हेरून गिट त्या दाबून साठवते. छायाचित्रे व चित्रफिती बहुधा आधीच दाबलेल्या असल्याने त्यांच्याबाबत हा लाभ अल्प असतो. अशी फाईल पुढे काढून टाकली तरी तिची जुनी आवृत्ती इतिहासात राहते, म्हणून जागा मोकळी होत नाही.

प्रमुख पद्धती

* उथळ प्रत (शॅलो क्लोन) : केवळ अलीकडच्या ठरावीक नोंदी उतरविल्या जातात.
* अंशतः प्रत (पार्शल क्लोन) : नोंदींची साखळी संपूर्ण येते, जुन्या फायलींचा आशय मात्र गरज पडेल तेव्हा सर्व्हरवरून मागविला जातो.
* विरळ कार्यप्रत (स्पार्स चेकआउट) : निवडक फोल्डरच कार्यप्रतीत मांडले जातात. केवळ या पद्धतीने इतिहासाचे भांडार लहान होत नाही. तिच्यासाठीची स्वतंत्र आज्ञा २०२० साली २.२५ या आवृत्तीत आली.
* जोड कार्यप्रत (वर्कट्री) : एकाच भांडारावर अनेक कार्यप्रती चालतात, त्यामुळे प्रत्येक शाखेसाठी इतिहासाची वेगळी नक्कल लागत नाही. ही सोय २०१५ सालच्या २.५ या आवृत्तीपासून आहे.

उदाहरण

मायक्रोसॉफ्टने विंडोजची संहिता गिटमध्ये आणली, तेव्हा तीत सुमारे ३५ लाख फायली होत्या आणि भांडाराचा आकार सुमारे ३०० गिगाबाइट होता. इतके सारे प्रत्येक संगणकावर ठेवणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे कंपनीने २०१७ साली फाईल उघडताक्षणी ती सर्व्हरवरून आणणारी एक आभासी फाईल-प्रणाली जाहीर केली.

मर्यादा

ही बचत विनामूल्य नसते. पूर्ण प्रत इंटरनेटवाचून वापरता येते आणि मूळ सर्व्हर नष्ट झाल्यास तीतून त्या वेळेपर्यंतचा इतिहास पुन्हा उभा करता येतो. उथळ प्रतीत जुना इतिहासच नसतो, तर अंशतः प्रत जुन्या आशयासाठी सर्व्हरवर विसंबून असते. म्हणून तात्पुरत्या चाचणीसाठी उथळ प्रत सोयीची ठरली, तरी दीर्घकाळ जतन करावयाच्या प्रकल्पाची किमान एक संपूर्ण प्रत अन्यत्र राखणे आवश्यक असते.