हलके चाक, जड चाक



आमचे एक स्नेही धुळ्याचे. त्यांच्या घरी वडिलांच्या वेळची पद्मिनी मोटार आहे आणि ती त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे. कोणीतरी त्यांच्या मनात भरवून दिले की इंजिनाचे फ्लायव्हील लेथवर कातून हलके केले म्हणजे गाडी पळू लागते. त्यांनी ते केले. गावात गाडी खरोखरच तडफदार झाली. मग ते आईला घेऊन वेरूळला निघाले. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला, पुढे एक मालमोटार अडली, यांनाही ऐन चढावर थांबावे लागले आणि पुन्हा निघताना इंजिन बंद पडले. एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी गाडी हातभर मागे सरके. अखेर मागून येणाऱ्या एका भल्या माणसाने उतरून चाकाला दगड लावला, तेव्हा आई मागच्या सीटवर देवाचे नाव घेत होती. परत आल्यावर त्यांनी मला विचारले, “शक्ती वाढवली, मग गाडी अडली का?” आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

या गाडीचे कूळ आपल्या मुंबईचेच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि तीच गाडी पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन चार नळकांड्यांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उठली. आता ती उरली आहे ती हौशी लोकांच्या घरी, आणि हौशी माणसाचा हात स्वस्थ बसत नाही.

फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या शेवटाला बसविलेले बिडाचे किंवा पोलादाचे जाड, गोल चाक. वाटल्यास त्याला गतिधारक चक्र म्हणावे. पण गॅरेजात तो शब्द उच्चारला तर मिस्त्री भलतेच चाक काढून हातात देईल. त्याचे काम आपल्या ओळखीचे आहे. कडबा कापण्याचे हातयंत्र पाहा. पाते कडब्यात शिरते तेव्हा हाताला जोर कमी पडतो; तेवढ्या क्षणापुरते ते मोठे जड चाक आपली साठवलेली गती खर्चून कडबा कापते. शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या एकनळी ऑइल इंजिनाला दोन भली मोठी चाके का असत? त्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदाच धक्का मिळतो. बाकीचा वेळ चाक स्वतःच्या पुण्याईवर फिरते. पद्मिनीच्या चार नळकांड्यांत दर अर्ध्या फेरीला एक धक्का असतो, म्हणून चाक लहान पुरते. पुरते म्हणजे नको असे मात्र नव्हे.

आता थोडा हिशेब करू. कंटाळू नका, जिन्नस गमतीचा आहे. समजा, चाक ८ किलोचे आहे, व्यास २६ सेंटिमीटर, जाडी सगळीकडे सारखी. त्यातून २ किलो लोखंड कडेजवळून, म्हणजे मध्यापासून १२ सेंटिमीटरवरून, काढले. वजन पाव भाग कमी झाले. पण एकाच वेगाला चाकात साठणारी गती-ऊर्जा शेकडा ४३ ने घटली! कारण कडेचे लोखंड जास्त धावते, आणि साठा धावण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेच २ किलो ६ सेंटिमीटरवरून काढले असते तर परिणाम चौथाईच झाला असता.

हेच गाडीकडून पाहू. पहिल्या गिअरमध्ये रस्त्यावरचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन सुमारे १६ वेळा फिरते असे धरा. चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर असेल, तर गाडी एक पाऊल चालते तेव्हा फ्लायव्हीलची ती कडा सुमारे ६.६ पावले धावते. ६.६ चा वर्ग सुमारे ४४; म्हणजे वेग घेताना ते २ किलो ८८ किलोंसारखे वागतात. ते काढले म्हणजे गाडीतून एक भरदार पाहुणा उतरवल्यासारखेच झाले. पण शेवटच्या गिअरमध्ये इंजिन १६ ऐवजी ४ फेरेच घेते, आणि तेथे फायदा उरतो साडेपाच किलोंचा, म्हणजे जळगावच्या केळ्यांच्या एखाद्या लहान घडाचा! तेव्हा चाक हलके केल्याने शक्ती वाढत नाही. आग्रा रोडवर शेवटचा वेग होता तेवढाच राहतो. इंजिन फक्त लवकर चढते, लवकर उतरते आणि गिअर चटकन पडतो. ही मौज खरी आहे, मी ती नाकारीत नाही.

घाटात नेमके उलट होते. चढावर क्लच सोडताना इंजिनावर एकदम ओझे पडते, आणि पुढचा धक्का येईपर्यंत ते पेलायचे असते साठ्यातून. तो साठाच आमच्या स्नेह्यांनी लेथखाली भुग्यात घालवला होता. मग माणूस जास्त ॲक्सिलरेटर देतो, क्लच घसरवत ठेवतो आणि थोड्याच दिवसांत जळक्या वासासकट नवी क्लच प्लेट विकत घेतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही थट्टेची नव्हे. मिनिटाला ५,००० फेऱ्यांना या चाकाची कडा ताशी सुमारे २४५ किलोमीटर वेगाने धावते, आणि तीही चालकाच्या पायांपासून फार लांब नाही. कडेजवळ एका बाजूला १० ग्रॅम लोखंड जास्त राहिले, तर त्या वेगाला ते ३३ किलोंच्या ओढीने बेअरिंगला हिसके देते. बिडाचे चाक अंदाजाने पातळ केले तर ते तडकून फुटूही शकते. म्हणून कातायचेच असेल तर क्लच घासतो तो पृष्ठभाग आणि त्यामागची जाडी यांना धक्का लावू नये. उष्णता तेथेच मुरते. स्टार्टरच्या दातेरी कड्याची बैठकही तशीच राखावी. काढायचे ते इंजिनाकडच्या बाजूने, कडेचे, थोडे. आणि काढल्यावर क्रँकशाफ्ट व क्लचचे झाकण जोडून सगळ्यांचा तोल एकत्र करून घ्यावा. आमच्या स्नेह्यांच्या कारागिराने तोल पाहिला होता तो बोटावर चाक तोलून.

पुढे त्यांना एका भंगारवाल्याकडे मूळचे चाक मिळाले. त्यातून त्यांनी किलोभरच काढविले, तोल यंत्रावर करून घेतला आणि रिकाम्या चालीच्या फेऱ्या थोड्या वाढवून ठेवल्या. यंदा ते पुन्हा कन्नडचा घाट चढून गेले. मध्येच थांबावे लागले तरी इंजिन बंद पडले नाही. तरीही वडिलांच्या वेळची निश्चिंती आता वाटत नाही, असे ते खाजगीत कबूल करतात. पहिले कातलेले चाक त्यांच्या गॅरेजच्या दाराला अडण म्हणून लावलेले आहे. आई मात्र वेरूळला एस.टी.ने जाते.