जुनी तबकडी, नवा रेडिओ

उंच मनोऱ्यांवरच्या गोल तबकड्या आपण रोज पाहतो. एका गावचा निरोप सूक्ष्मलहरींच्या रूपाने दुसऱ्या गावी पोचवण्याचे काम त्या करतात. मागे जोडलेले रेडिओयंत्र काही वर्षांत जुने होते. तबकडी मात्र चांगली धडधाकट असते. मग यंत्र बदलले की तबकडीही भंगारात घालायची का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात पैसा आहे आणि थोडे शास्त्रही आहे.

पहिली गोष्ट अशी, की तबकडी म्हणजे रेडिओ नव्हे. तो एक आरसा आहे. तिचा आकार अन्वस्ताचा असल्यामुळे दुरून आलेल्या लहरी परावर्तित होऊन एका बिंदूत गोळा होतात. त्या बिंदूला नाभी म्हणतात. तिथे लहरी टिपणारे जे तोंड बसवतात, त्याला ‘फीड’ म्हणतात. काम कोणत्या कंप्रतेवर चालायचे, हे मुख्यतः फीड आणि त्यामागचे यंत्र ठरवते.

आपल्याकडे विहिरीवरचे ऑइल इंजिन गेले आणि विजेची मोटार आली, म्हणून कोणी विहीर बुजवली नाही. तबकडीचेही तसेच आहे.

याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी पॉट्स हिल येथे क्रिस्टियनसन या शास्त्रज्ञाने सहा फुटी ३२ तबकड्या एका ओळीत मांडल्या होत्या. सूर्याकडून येणाऱ्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या टिपत. तिथे गेलेल्या गोविंद स्वरूप व पार्थसारथी या भारतीय तरुणांनी १९५४ च्या सुमारास त्याच तबकड्या ५०० मेगाहर्ट्झवर चालवल्या. पुढे त्या भारताला मिळाल्या, आणि १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कल्याणजवळ त्या उभ्या करून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास केला. तबकड्या त्याच, कंप्रता तीन! याच स्वरूपांच्या पुढाकाराने जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. अलीकडे तिची सुधारणा झाली, तीही मुख्यतः फीड आणि ग्राहकयंत्रे बदलून. तबकड्या जागच्या जागी राहिल्या.

मात्र कोणतीही तबकडी कोणत्याही रेडिओला चालते असे नाही. चार गोष्टी पाहाव्या लागतात.

एक, पृष्ठभाग. तो तरंगलांबीच्या सुमारे सोळाव्या भागाहून जास्त खडबडीत नसावा. सहा हजार मेगाहर्ट्झची लहर पाच सेंटीमीटरची असते. तिला तीन मिलिमीटरची चूक चालते. अठरा हजारांवर एक मिलिमीटर म्हणजे शिकस्त झाली. म्हणून उंच कंप्रतेची तबकडी खालच्या कंप्रतेला चालते, पण उलट सहसा जमत नाही. खाली येण्याचीही किंमत असते. सहा फुटी तबकडीचा झोत १४२० मेगाहर्ट्झवर आठ अंशांचा असतो, तो ६१० वर एकोणीस अंशांइतका फाकतो. कल्याणला ही उणीव तबकड्यांच्या लांब रांगेने भरून काढली.

दोन, फीडचा फवारा. केळीच्या वाफ्यावर पाणी मारताना धार फार पसरली तर पाणी बांधाबाहेर जाते, फार आखडली तर कडेची झाडे कोरडी राहतात. फीडने तबकडी तशीच नेमकी भिजवायला हवी. म्हणून फीड तबकडीच्या खोलीला साजेल असे हवे आणि अचूक नाभीवर बसायला हवे.

तीन, जोड. पाइपाची फ्लँज आणि मोटारीची फ्लँज यांची भोके जुळली नाहीत तर मधे जोडतुकडा घालावा लागतो. इथेही लहरी वाहून नेणाऱ्या नळीचे माप आणि लहरींची आडवी-उभी दिशा दोन्ही टोकांना जुळली पाहिजे.

चार, निशाणा. कंप्रता वाढली की झोत बारीक होतो. वीस किलोमीटरवर पाव अंशाची चूक म्हणजे जवळजवळ नव्वद मीटरचा फरक! नवा रेडिओ जोडल्यावर निशाणा पुन्हा साधायलाच हवा, आणि खांब वाऱ्याने डुलता कामा नये.

आता परवान्याची गोष्ट. परवाना तबकडीला मिळत नाही. तो ठराविक कंप्रतेला, जागेला आणि शक्तीला मिळतो. यंत्र बदलून कंप्रता बदलली, तर जुन्या कागदावर प्रक्षेपण करता येत नाही. जुनी तबकडी कडेने जास्त लहरी सांडत असेल, तर शेजारच्या दुव्याचा निरोप बिघडतो. परवान्याची शिस्त आहे ती त्यासाठीच.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तबकडीची कड सरळ आहे का, पोचे पडलेत का, आणि नव्या रेडिओची कंप्रता किती, एवढे तरी पाहावे. पोचे पडले असतील तर मोह सोडावा. नसतील, तर फीड आणि जोडतुकडा यांच्या खर्चात काम भागण्याचा संभव पुष्कळ आहे.