पाळीबदल : हवाई वाहतूक नियंत्रणातील जोखमीचा काळ

हवाई वाहतूक नियंत्रकाला आपल्या क्षेत्रातील प्रत्येक विमानाची उंची, दिशा व पुढील मार्ग ध्यानात ठेवावा लागतो. विमाने रडारच्या पडद्यावर दिसतात. परंतु कोणाला कोणती परवानगी दिली, कोणाची विनंती शिल्लक आहे, यातील बरेचसे नियंत्रकाच्या मनात असते. पाळी बदलताना हे मनातील चित्र दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे असते. त्यातील एखादा दुवा निसटल्यास तो पडद्यावर दिसेलच असे नाही.

१० सप्टेंबर १९७६ रोजी तत्कालीन युगोस्लाव्हियातील झाग्रेबजवळ ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडंट व इनेक्स-एड्रियाचे डीसी-९ यांची हवेत टक्कर होऊन १७६ जण मृत्युमुखी पडले. वरच्या थरातील वाहतुकीसाठी दोन नियंत्रकांची गरज होती. पाळीवर येणाऱ्या सहकाऱ्यास उशीर झाल्याने एक जण त्याला शोधण्यास गेला व दुसरा एकटा उरला. त्याच सुमारास मधल्या थराच्या नियंत्रकाने डीसी-९ ला वर चढू दिले. त्याबाबत वरच्या थराशी रीतसर समन्वय झाला नाही. ते विमान एकट्या नियंत्रकाच्या संपर्कात आले, तेव्हा टक्कर होण्यास एक मिनिटही उरले नव्हते. त्याने चढाई थांबविण्यास सांगितले, पण तोवर डीसी-९ ट्रायडंटच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३३,००० फुटांवर पोहोचले होते. पुढे न्यायालयात केवळ त्यालाच शिक्षा झाली. इतर देशांतील नियंत्रकांनीही त्याच्या सुटकेची मागणी केली. १९७८ मध्ये तो सुटला.

एकाला दोषी ठरविल्याने व्यवस्थेतील फट बुजत नाही. ती बुजविण्यासाठी कार्यपद्धती लागते. अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनाने चार्ज देण्या-घेण्याचे चार टप्पे ठरविले आहेत. येणारा नियंत्रक प्रथम परिस्थिती स्वतः पाहतो. नंतर जाणारा नियंत्रक तपासणी यादीनुसार तोंडी माहिती देतो. मग जबाबदारी स्पष्ट शब्दांत स्वीकारली जाते. शेवटी जाणारा नियंत्रक काही राहिले नाही ना, याची खातरजमा करतो. जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे, याविषयी क्षणभरही संदिग्धता राहू नये, हा यामागील हेतू होय.

रुग्णालयातील परिचारिका किंवा कारखान्यातील यंत्रचालक यांच्या पाळीबदलासही हेच तत्त्व लागू पडते. म्हणून व्यावसायिक अभ्यासक्रमांत यंत्र चालविण्याइतकेच काम सोपविणे हेही स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकविले जाणे आवश्यक आहे.