रक्तवाहिनी कुठे आहे?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हा लेख मावशीलाही वाचता यावा म्हणून मराठीत लिहितेय.

मागच्या वर्षी मावशीच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "पोट उघडायची गरज नाही. सुई घालून गाठ जाळून टाकू." याला रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन म्हणतात. सुईच्या टोकातून साधारण ४५० ते ५०० किलोहर्ट्झचा करंट जातो आणि भोवतालच्या पेशी तापतात. ५० अंश सेल्सिअसला त्या काही मिनिटांत मरतात, ६० च्या वर जवळजवळ लगेच. मग अजून तापवा की! तेही चालत नाही. १०० च्या आसपास पेशींतलं पाणी उकळतं, सुईजवळचा भाग करपतो आणि करंट पुढे जाईनासा होतो.

म्हणून किती वॅट, किती मिनिटं, हे आधी कॉम्प्युटरवर करून बघता येतं. मी मिनी प्रोजेक्टला हेच घेतलं. समीकरण आपल्या हीट ट्रान्स्फरच्या पेपरातलंच, फक्त रक्ताची एक टर्म जास्त. ती १९४८ मध्ये हॅरी पेनेस यांनी माणसाच्या हातातलं तापमान मोजून मांडली. रक्त जितकं जास्त वाहतं आणि पेशी रक्तापेक्षा जितक्या गरम, तितकी उष्णता ते घेऊन जातं.

पहिल्या रनला स्क्रीनवर मस्त लाल गोळा आला. मी खूष! सरांनी एकच विचारलं, "शेजारची रक्तवाहिनी कुठे आहे?" ती मी काढलीच नव्हती. पेनेसची टर्म बारीक वाहिन्यांचं रक्त सगळीकडे सारखं पसरलंय असं धरते. साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जाड वाहिनी मॉडेलमध्ये वेगळी काढावी लागते. समजा, बादलीत कॉइल लावली (हॉस्टेलवर बंदी आहे, माहितेय!) आणि नळ चालूच ठेवला. नळाखालचं पाणी तापेल का? वाहिनी घालून परत रन केलं, तर गोळ्याला त्या बाजूने खाच पडली.

खाचेतल्या पेशी जिवंत राहतात आणि गाठ तिथूनच परत वाढू शकते. डॉक्टर गाठीभोवतीचा ५ ते १० मिलिमीटर भागही जाळायला बघतात.

अर्थात मॉडेल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. प्रत्येक पेशंटचा रक्तप्रवाह वेगळा. तो आकडा चुकला तर चित्र सुंदर येतं, पण उत्तर चुकतं.

मावशी आता बरी आहे, स्कॅन मात्र चालू आहेत. तिला चित्र दाखवलं तर म्हणाली, "एवढ्याशा खाचेसाठी एवढं गणित?"

हो मावशी, त्या खाचेसाठीच.