दप्तरातलं व्हेप: काय खरं, काय खोटं

दिसायला ते हायलायटर पेनासारखं किंवा पेन ड्राइव्हसारखं. वास आंब्याचा, पुदिन्याचा नाहीतर बबलगमचा, आणि तोही दोन मिनिटांत विरणारा. कंपासपेटीत सापडलं तरी आई ते पुन्हा जागच्या जागी ठेवून देईल. ई-सिगारेट, मुलांच्या भाषेत व्हेप, घरात अशी शिरते. तिच्याबद्दल कट्ट्यावर आणि व्हॉट्सॲपवर बरंच बोललं जातं. त्यातलं पुष्कळसं चुकीचं असतं, आणि चूक दोन्ही बाजूंनी होते.

‘नुसती वाफ तर आहे!’ हा सर्वांत रुजलेला समज. आतल्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. बॅटरीवर तापणारी बारीक तार तो द्रव तापवते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब छातीत खोलवर जातात. तापताना फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं तयार होतात, तारेतून निकेल, शिसं यांसारख्या धातूंचे कणही सुटू शकतात. तंबाखू जळत नाही, म्हणून सिगारेटमधलं डांबर यात नसतं, हे मान्य करायलाच हवं. पण सोळा वर्षांच्या ज्या मुलाने सिगारेट कधी ओढलीच नाही, त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी कशाला? त्याची तुलना स्वच्छ हवेशीच.

‘यात निकोटीन फार नसतं’ हा समज मला जास्त धोक्याचा वाटतो. साधं निकोटीन घशाला झोंबतं, ठसका लागतो, आणि पहिल्या झुरक्यालाच पुष्कळ मुलं मागे फिरतात. नव्या उपकरणांत निकोटीनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरतात. त्याने बोच कमी होते आणि निकोटीन मात्र भरपूर जातं. अमेरिकेत गाजलेल्या ज्यूल या व्हेपच्या एका पॉडमधलं निकोटीन साधारण वीस सिगारेटींच्या पाकिटाइतकं असल्याचं खुद्द कंपनी सांगत असे. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली तलफ सोडवणं फार जड जातं. ‘निकोटीन फ्री’ या शिक्क्यावरही विसंबू नये. जी वस्तू चोरून विकली जाते, तिच्या लेबलची तपासणी कोण करणार?

आता दुसऱ्या बाजूची चूक. ‘व्हेपमुळे पॉपकॉर्न लंग होतो,’ असं मुलांना ठासून सांगितलं जातं. तो आजार पॉपकॉर्नच्या कारखान्यांत डायअसिटिल हुंगणाऱ्या कामगारांना झाला होता. व्हेपमुळेच झाल्याचं निश्चित सिद्ध झालेलं नाही. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या गंभीर इजेची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं किंवा त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूंची नोंद 68 झाली. त्या साथीचं मुख्य कारण निघालं गांजातल्या टीएचसीच्या द्रवात भेसळ केलेलं ‘ई’ जीवनसत्त्वाचं ॲसिटेट. मुलं हे मोबाइलवर मिनिटभरात शोधून काढतात. आपली एक गोष्ट खोटी ठरली की निकोटीनबद्दलच्या खऱ्या गोष्टीवरचा विश्वासही उडतो.

‘लंडनला तर डॉक्टरच सुचवतात,’ असं तिकडे राहणारे नातेवाईक सांगतात. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपचा पर्याय दिला जातो, हे खरं. पण तिथेही अठराच्या आतल्यांना विक्री नाही, निकोटीनला मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर 1 जून 2025 पासून बंदी आली. शिवाय आपलं दुखणं वेगळं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 24 टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे चार टक्क्यांहून कमी. चुना-तंबाखू मळणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाला व्हेप काय सोडवणार?

कायद्याबद्दलही घोळ आहे. ‘बंदी फक्त निकोटीनवाल्यांवर’ हे चूक. सप्टेंबर 2019 च्या वटहुकमानंतर डिसेंबरमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही उपकरणं येतात, ई-हुक्काही येतो. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवू देणाऱ्या जागेच्या मालकालाही शिक्षा आहे. दुबईहून बॅगेतून आणलेलं ‘स्वतःपुरतं’ व्हेपही आयातच ठरतं. ओढणाऱ्यासाठी मात्र कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही, आणि मला हे योग्य वाटतं. त्यामुळे ‘पोलिसांत देईन’ हा घरातला धाक पोकळ आहे. त्या धाकाने मूल वस्तू फक्त आणखी आत लपवतं, आणि ती विकणारा टपरीवाला मोकळा राहतो. तक्रार त्याची करावी.

मुलासाठी 1800-112-356 हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. निकोटीन सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, पुस्तकात लक्ष राहत नाही. त्या दिवसांत त्याने जेवणाचं ताट सरकवलं किंवा दार आपटलं, तर घरच्यांनी त्यामागची तलफ ओळखावी आणि थोडं थांबावं.